क्रिकेटपटू कै. बाळू पालवणकर

आपल्या जिल्ह्यात नवापूरपासून धडगावापर्यंत कोणत्याही गावी पिकाची कापणी उरकली, की मोकळ्या रानात तीन काठ्या रोवून मुले क्रिकेट खेळताना दिसतात. चेंडू कोणी टाकावा आणि फळी अगोदर कोणी धरावी याविषयी त्यांची भांडणे होतात खरी. परंतु अमक्याने शिवलेला चेंडू तमक्याने झेलू नये, असले भांडण त्यांच्यात झालेले कोणी ऐकले नसेल. ज्या पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे, त्याच्या काळीही चेंडूविषयी असे भांडण नव्हते. चेंडू त्याच्या हातून सर्वांच्या हाती जाई आणि सर्वांच्या हातून पुन्हा त्याच्या हाती येई. अडचण होती ती चहाच्या पेल्याची.

बाळू पालवणकर यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण. त्यावरून पालवणकर हे आडनाव पडले. जातीने ते चर्मकार, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे अस्पृश्य. वडील लष्करी खात्याच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींना गावकीच्या जाचातून बाहेर पडण्यास जे थोडे मार्ग होते, त्यांत लष्कराची नोकरी हा एक मोठा मार्ग होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांचे वडीलही लष्करात सुभेदार होते, हे वाचकांस ठाऊकच आहे. पुण्याच्या छावणीत गोरे अंमलदार क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या फळ्या आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे खेळू लागले. हीच त्यांची शाळा. वर्गातील शिक्षण बेताचेच झाले, आणि घरखर्चास हातभार लावण्यासाठी मुलाला लौकरच कामावर जावे लागले.

पहिली नोकरी पुण्यातील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात लागली. मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे काम. पगार दरमहा तीन रुपये. सभासदांना सरावासाठी कोणी नसला म्हणजे या मुलास चेंडू टाकावयास सांगत. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार एक रुपयाने वाढला. जाळी बांधणे, रेघा आखणे, खेळपट्टी तयार करणे ही कामे होतीच. परंतु तेथील ट्रॉस नावाच्या एका साहेबाने या पोराच्या हातात काही विशेष आहे हे ओळखून त्यास गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले.

बाळू डाव्या हाताने सावकाश चेंडू टाकीत. ज्या वाचकांस या खेळाची विशेष माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, संथ चेंडू टाकणे हे वेगाने टाकण्याहून सोपे मुळीच नाही. वेगवान गोलंदाज फलंदाजास भिववितो. संथ गोलंदाजास मात्र त्यास फसवावे लागते. चेंडू हवेत किती उंच सोडावयाचा, टप्पा कोठे पाडावयाचा, जमिनीवर पडल्यावर तो आत वळवावयाचा की बाहेर, आणि या साऱ्याचा फलंदाजास अगोदर सुगावा लागू द्यावयाचा नाही, ही ती विद्या आहे. ती पुस्तकातून येत नाही. बाळूंना ती आली, कारण पुण्याच्या त्या क्लबात रोज तासन्‌तास साहेबांना चेंडू टाकणे हे त्यांचे पोटाचे काम होते. फलंदाजी मात्र त्यांस त्या क्लबात कोणी करू दिली नाही. फळी धरून धावा काढणे हे साहेबांचे आणि मोठ्या घरच्या लोकांचे सुख. चेंडू टाकून घाम गाळणे हे नोकराचे काम, अशी वाटणी होती. जातिभेद केवळ आपल्याच लोकांत होता असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग हे फार नाणावलेले फलंदाज होते. त्यांचे नाव जॉन ग्लेनी. ते भरभर उच्चारले की जंगलीसारखे ऐकू येई, म्हणून सर्वजण त्यांस जंगली ग्रेग म्हणत. हे गृहस्थ इतरांच्या अगोदर मैदानावर येऊन बाळूंच्या चेंडूवर सराव करीत. बाळूंनी आपणास बाद केले की दर वेळेस ते आठ आणे बक्षीस देत, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असेल तर तिचा हिशोब पाहण्यासारखा आहे. महिन्याचा पगार चार रुपये; म्हणजे ग्रेगसाहेब आठ वेळा बाद झाले की एका महिन्याचा पगार वर मिळाला. इंग्लंडच्या उत्तम गोलंदाजांशी तोंड देणारा फलंदाज रोज समोर उभा, आणि त्यास बाद करण्यावर घरच्या भाकरीचा प्रश्न; यापेक्षा कडक गुरुकुल कोणते असणार? हेच ग्रेगसाहेब उतारवयात रोमन कॅथलिक पंथाचे धर्मगुरू झाले, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पुण्यात हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता आणि त्यास युरोपियनांना हरविण्याची उत्कंठा होती. हरविण्यास योग्य असा गोलंदाज गावातच होता. परंतु तो जातीने चर्मकार. त्यास संघात घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला. काही तेलुगू सभासद अनुकूल होते, काही ब्राह्मण सभासद प्रतिकूल. अशा गोलंदाजास केवळ जातीमुळे वगळणे हा मूर्खपणा होईल, असे मत ग्रेगसाहेबांनीच उघडपणे प्रकट केले, असे सांगतात. ग्रेगसाहेबांना अस्पृश्यतेविषयी फार विचार करावा लागला असेल असे मला वाटत नाही. ज्या चेंडूने आपण रोज बाद होतो त्याची किंमत त्यांना कळत होती, इतकेच. अखेरीस बाळूंना संघात घेण्यात आले.

आता त्या पेल्याची हकीकत. मैदानात बाळू इतरांबरोबर खेळत. परंतु खेळ थांबला आणि चहाची वेळ झाली, म्हणजे इतर खेळाडू मंडपात बसून चिनीमातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना तो मंडपाबाहेर, मातीच्या बोळक्यात दिला जाई. ते बोळके नंतर फेकून देत. हातपाय धुवावयाचे असले तर अस्पृश्य जातीचाच एक नोकर कोपऱ्यात पाणी आणून देई. जेवण निराळ्या ताटात, निराळ्या जागी. ज्या मनुष्याच्या हातातील चेंडूवर सर्व संघाची आशा, त्याच्या हातचा पेला मात्र बाटलेला. त्यातून क्रिकेटचा चेंडू कातड्याचा असतो. कातडे कमावणाऱ्यास दूर बसवून त्याच कातड्याचा चेंडू मोठ्या उत्साहाने झेलणाऱ्या त्या मंडळींना यातील विसंगती दिसली नसेल काय? काहींना दिसत होती, परंतु बोलून दाखविणारे थोडे होते.

बोलणाऱ्यांपैकी एक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे होत. पुण्याच्या हिंदूंनी युरोपियनांचे संघ हरविले. साताऱ्यास तर तेथील युरोपियनांनी बाळूंचे चेंडू वळू नयेत म्हणून खेळपट्टी दिवसचे दिवस रुळाने दाबून ठेवली होती, तरी बाळूंनी त्यांचे गडी भराभर बाद केले. त्यानंतर पुण्यात त्यांचा मोठा सत्कार झाला. अशाच एका प्रसंगी रानडे यांनी, हिंदूंना ज्याच्यासोबत खेळता येते त्याच्यासोबत बसून खाता-पिताही आले पाहिजे, अशा आशयाचे विचार जाहीरपणे मांडले. लोकमान्य टिळक यांनीही दुसऱ्या एका समारंभात बाळूंची वाखाणणी केली. टिळक आणि रानडे यांचे सामाजिक सुधारणेच्या बाबतीत एकमत क्वचितच होई; त्यामुळे एका चर्मकार मुलाच्या गौरवात दोघांचेही शब्द लागलेले पाहून नवल वाटते.

प्लेगाच्या त्या भयंकर दिवसांत, १८९६ च्या सुमारास, बाळू पुणे सोडून मुंबईस गेले. प्रथम लष्कराच्या एका पलटणीत नोकरी लागली. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत काम मिळाले आणि त्या रेल्वेच्या संघाकडून ते खेळू लागले. नवापूर-नंदुरबारवरून जाणाऱ्या ताप्ती व्हॅली रेल्वेच्या गाड्याही याच कंपनीकडून चालविल्या जात, म्हणून आपल्याकडील जुन्या लोकांना या कंपनीचे नाव परके वाटणार नाही. मुंबईत हिंदूंचा परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ साली स्थापन झाला होता. तेथेही बाळूंच्या प्रवेशास काही सभासदांनी हरकत घेतली. परंतु संघाचे कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला, आणि त्यांस संघात स्थान मिळाले.

त्या वेळच्या मुंबईतील क्रिकेटची मांडणी आजच्या मुलांना विचित्र वाटेल. प्रांतांचे किंवा शहरांचे संघ नव्हते. धर्मांचे संघ होते. प्रथम युरोपियन आणि पारशी यांचे सामने होत. १९०७ पासून हिंदू आले आणि तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ पासून मुसलमान आले आणि चौरंगी झाले. १९३७ साली बाकी राहिलेल्या सर्वांचा एक संघ करून पंचरंगी सामने सुरू करण्यात आले. त्या बाकीच्यांत हिंदी ख्रिस्ती येत, आणि सांगलीच्या ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले विजय हजारे त्याच संघातून खेळून नावारूपास आले. धर्माच्या नावाने संघ पाडल्याने वैर वाढते असा आक्षेप पुढे जोराने निघाला आणि १९४६ नंतर ते सामने बंद पडले. तो आक्षेप योग्यच होता. परंतु त्या मांडणीमुळे हिंदूंपुढे एक अडचणीचा प्रश्न येऊन उभा राहिला, हेही खरे: बाळू पालवणकर हे हिंदू आहेत की नाहीत? मैदानावर हिंदू असतील तर भोजनगृहात का नाहीत?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर १९०६ च्या फेब्रुवारीत मिळाले. मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना ठरला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत बाद झाले, म्हणजे युरोपियनांना जिंकण्यास २१२ धावा हव्या होत्या. त्यांचा सगळा संघ १०२ धावांत आटोपला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. बंधू शिवराम हेही त्या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद लोकांना किती झाला असेल याची कल्पना करता येते. परंतु मुंबईच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने या विजयात निराळीच गोष्ट हेरली. चर्मकार बंधूंना सोबत घेऊन खेळल्यामुळे व जेवल्यामुळेच हा दिवस दिसला, आणि जुन्या फूट पाडणाऱ्या रूढींतून सुटण्याच्या वाटेवरील ही एक खूण आहे, असा त्या लेखाचा रोख होता. कारण मुंबईच्या संघात बाळूंचे ताट निराळे राहिले नव्हते. ते इतरांसोबत एकाच पंक्तीस बसत. पुण्याच्या बोळक्यापासून मुंबईच्या पंक्तीपर्यंत यावयास सुमारे दहा वर्षे लागली.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. क्रिकेटच्या दप्तरात ज्यांना प्रथम दर्जाचे सामने म्हणतात, त्यांत बाळूंची नोंद १९०५-०६ च्या हंगामापासून सुरू होते. तेव्हा ते तिशीला आले होते. त्यापूर्वीची दहा-बारा वर्षे, जेव्हा हात ताजा आणि खांदा निरोगी होता, त्या हिशोबात नाहीतच. तरीही त्यांच्या नावावर ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, आणि प्रत्येक बळीमागे पंधरा धावांहून किंचित अधिक, म्हणजे १५.२१ धावा पडल्या. ही सरासरी कोणत्याही देशाच्या उत्तम गोलंदाजास शोभेल अशी आहे. इंग्लंडात विल्फ्रेड ऱ्होड्स हा डावखुरा गोलंदाज प्रसिद्ध होता. लोक बाळूंना त्याच्याच जोडीस बसवीत.

१९११ साली सर्व हिंदुस्थानच्या वतीने पहिला संघ इंग्लंडास गेला. संघात पारशी, हिंदू आणि मुसलमान असे सर्व होते, आणि कप्तान पतियाळाचे तरुण महाराज भूपेंद्रसिंह. त्याच उन्हाळ्यात पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहणसमारंभ लंडनात होता. महाराजांचे लक्ष मेजवान्या आणि दरबार यांकडे अधिक, मैदानाकडे कमी; थोडेसे सामने खेळून ते बाजूला झाले. त्यांच्या पदरी असलेले उत्कृष्ट फलंदाज केखुश्रू मिस्त्री हेही त्यांच्यासोबत गुंतून पडले. राहिलेल्या खेळाडूंनी परक्या हवेत आणि परक्या खेळपट्ट्यांवर दिवसामागून दिवस सामने खेळावयाचे, अशी स्थिती झाली. एकंदर २३ सामन्यांपैकी १५ हरले, ६ जिंकले, २ अनिर्णित राहिले.

हा हिशोब वाचून संघाविषयी अनुकूल मत होणे कठीण. पण त्याच दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांत. वय पस्तीस, डावा खांदा दुखत असलेला, आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या तोडीचा आधार देणारा कोणी नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच डावात १०३ धावा देऊन आठ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून अकरा गडी टिपले, आणि त्या सामन्यात हिंदी संघास दौऱ्यातील एक प्रथम दर्जाचा विजय मिळाला. दुसरा विजय टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध केवळ एक गडी राखून मिळाला. त्यात शिवराम पालवणकर यांनी नाबाद शतक काढले. म्हणजे प्रथम दर्जाच्या सामन्यांतील दोन्ही विजयांवर पालवणकर घराण्याचा ठसा आहे. राजेरजवाडे कप्तान म्हणून गेले, आणि मान राखला तो पुण्याच्या मैदानावर रूळ ओढलेल्या हातांनी.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य वर्गातील लोकांनी त्यांचा सत्कार केला. त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असलेले तरुण भीमराव आंबेडकर यांचे नाव या सत्काराच्या मानपत्राशी जोडले जाते. आपल्यातील एक मनुष्य विलायतेस जाऊन साहेबांना बाद करून आला, याचा अर्थ त्या वस्त्यांतील लोकांना काय वाटला असेल, हे वेगळे सांगावयास नको. पुढे कित्येक वर्षे चाळींतून आणि वाड्यांतून मुलांना बाळूंच्या गोष्टी सांगितल्या जात.

एवढे झाले तरी एक दार बंदच राहिले. बाळू संघात चालत, पंक्तीस चालत. कप्तान म्हणून मात्र चालत नव्हते. अनुभवाने आणि वयाने सर्वांत वडील असूनही वर्षामागून वर्षे कप्तानी उच्च जातीच्या खेळाडूकडेच जाई. त्या काळी कप्तान असलेले एम. डी. पै यांनी १९१३ साली एका सत्कारप्रसंगी, हा मान खरे पाहता बाळूंचा होता असे मोकळेपणाने कबूल केले. पै यांच्या या मनमोकळेपणाचे कौतुक वाटते. परंतु निवडसमितीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. चेंडू टाकणारा हात कोणत्या जातीचा हे एक वेळ विसरता येते. आज्ञा देणारा आवाज कोणत्या जातीचा हे विसरणे अधिक जड जाते. ज्यांनी कधी कोणत्याही मंडळीत अथवा ग्रामपंचायतीत पदांची निवड पाहिली आहे, त्यांस हे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

१९२० साली प्रकरण हातघाईवर आले. तोपर्यंत बाळू चव्वेचाळीस वर्षांचे झाले होते, आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे हिंदूंचे अग्रगण्य फलंदाज म्हणून प्रसिद्धीस आले होते. चौथे बंधू गणपत हेही हिंदूंकडून खेळलेले. ते अल्पवयात वारले. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी पै आजारी पडले. कप्तानी विठ्ठल यांच्याकडे जाईल अशी अपेक्षा होती. ती पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना देण्यात आली, आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. देवधर हे स्वतः थोर खेळाडू होते याविषयी शंका नाही. परंतु ते विठ्ठलांहून वयाने व अनुभवाने लहान होते. शिवराम आणि विठ्ठल या दोघा बंधूंनी संघातून अंग काढून घेतले, आणि आपण असे का केले हे वृत्तपत्रातून जाहीरपणे सांगितले. जातीमुळे होणारा अपमान आता सोसणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

हे तेच वर्ष की ज्या वर्षी गांधीजी देशभर हिंडून अस्पृश्यता हे हिंदुधर्मावरील लांछन आहे असे सांगत होते. मुंबईतील लोकमत बंधूंच्या बाजूने वळले. पुढील पारशांविरुद्धच्या सामन्यास पै बरे होऊन कप्तान म्हणून परतले, बंधू संघात आले, आणि बाळूंना उपकप्तान करण्यात आले. सामना चालू असता पै काही वेळ मैदान सोडून गेले, आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. सामना अनिर्णित राहिला. त्या हंगामाबरोबर बाळूंचे क्रिकेटमधील आयुष्यही संपले. त्यांना मिळालेली कप्तानी ती एवढीच.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर यांस हिंदूंच्या संघाचे कप्तान नेमण्यात आले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानीत, त्यांना खांद्यावर घेणाऱ्यांत सर्व जातींचे लोक होते. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली माझे क्रीडा जीवन या नावाचे आत्मवृत्त मराठीत प्रसिद्ध केले; ज्या वाचकांस ते एखाद्या जुन्या वाचनालयात मिळेल त्यांनी ते अवश्य पाहावे.

बाळूंच्या आयुष्याचा उत्तरार्ध राजकारणात गेला, आणि तो सांगताना लेखणी जरा जपून चालवावी लागते. १९३२ साली ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबर रोजी त्याविरुद्ध उपोषण आरंभिले. डॉ. आंबेडकर यांचा आग्रह स्वतंत्र मतदारसंघाचा, मद्रासचे एम. सी. राजा यांचा संयुक्त मतदारसंघाचा, आणि बाळू राजा यांच्या बाजूचे. वाटाघाटी होऊन २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, परंतु प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांच्या राखीव जागा १४८ झाल्या. त्या करारावरील सह्यांत बाळूंचीही सही आहे. ज्या पुण्यात बोळक्यातून चहा प्यावा लागला, त्याच पुण्यात देशाच्या एका मोठ्या करारावर त्यांनी नाव लिहिले.

यानंतर डॉ. आंबेडकर आणि बाळू यांचे मार्ग अलग झाले. १९३३ साली बाळू हिंदु महासभेच्या वतीने मुंबई नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले व पडले. १९३५ साली डॉ. आंबेडकर यांनी येवले येथे, आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे घोषित केले. बाळूंनी धर्मांतराच्या त्या विचारास उघड विरोध दर्शविला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने तर बाळूंना डॉ. आंबेडकरांच्याच विरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकर यांस १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांनी ते हरले. एका बाजूस अमेरिकेत आणि विलायतेत विद्या संपादन केलेला वकील, दुसऱ्या बाजूस मैदानावर नाव काढलेला साठी उलटलेला गोलंदाज. आणि ज्याच्या सत्काराशी त्या वकिलाचे नाव जोडले जाई, त्याच्याशीच आता लढत. मतदारांतील कित्येकांना दोघेही आपलेच वाटत असतील.

बाळूंनी हा मार्ग का धरला, याविषयी लोक दोन तऱ्हेने बोलतात. काही म्हणतात, वरिष्ठ वर्गाने केलेल्या कौतुकाला ते भुलले. मला हे पटत नाही. ज्या मनुष्याने मातीच्या बोळक्यापासून एकत्र पंक्तीपर्यंत स्वतःच्या हयातीत बदल घडताना पाहिला, तोही स्वतःच्या कर्तबगारीने घडवून आणलेला, त्यास हिंदू समाज आतून सुधारेल असे वाटणे स्वाभाविक होते. उलट, सर्वच अस्पृश्यांना डावा हात इतका कुशल लाभलेला नसतो, आणि ज्यास गडी बाद करता येत नाहीत त्यास पंक्तीस कोण बोलावणार, हा डॉ. आंबेडकरांच्या बाजूचा प्रश्नही तितकाच खरा. बाळूंच्या स्वतःच्या आयुष्यात या दोन्ही मतांना पुरावा सापडतो: पंक्ती मिळाली, आणि कप्तानी मिळाली नाही.

पुढची वर्षे त्यांनी मुंबईत शांतपणे घालविली. अस्पृश्यता पाळणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरविणारा कायदा संसदेने केला, आणि तो १ जून १९५५ पासून अमलात आला. त्या कायद्यान्वये उपाहारगृहात अथवा पाणवठ्यावर जातीवरून कोणास अडविणे, सार्वजनिक ठिकाणची भांडी वापरू न देणे, हे सारे गुन्हे झाले. कायदा लागू होऊन पाच आठवडेही झाले नव्हते, तोच ४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर मुंबईत निवर्तले. त्यांचे वय ७९ वर्षांचे होते. अंत्यसंस्कार सांताक्रूझ येथे झाले. प्रेतयात्रेस संसदेचे सभासद होते आणि क्रिकेटपटूही होते. त्यांत विजय मर्चंट यांच्यासारखे, पुढच्या पिढीचे, बाळू खेळत असता ज्यांनी फळीही हाती धरली नव्हती असे लोक होते.